सहीआधीचा खोटा शब्द



व्यवहारातला खोटेपणा दोन प्रकारांनी आपल्या दारात येतो. कधी समोरचा माणूस आपल्याशी खोटे बोलतो आणि आपण त्याच्या शब्दावर विसंबून सही करतो. कधी आपल्याच नावाच्या अर्जात खोटे लिहिले जाते आणि आपण न वाचता त्याखाली सही करतो. पहिल्या प्रकारात कायदा आपल्या बाजूने उभा राहतो. दुसऱ्या प्रकारात तो आपल्यालाच जाब विचारतो. बैलजोडी घेण्यापासून ते एकरभर रान विकून मुलाला परदेशी शिकायला पाठविण्यापर्यंत हा फरक ठाऊक नसला, तर घर बसायला वेळ लागत नाही. म्हणून आज याविषयी चार गोष्टी समजून घेऊ.

खोट्या बोलीवरचा सौदा

आपल्याकडे कराराचा मूळ कायदा १८७२ सालचा आहे. दोघांनी ‘हो’ म्हटले म्हणजे करार झाला, एवढ्यावर तो थांबत नाही. ते ‘हो’ मोकळ्या मनाने आणि खऱ्या माहितीवर दिलेले असले पाहिजे, असे तो सांगतो. धाकाने, दडपणाने, कपटाने किंवा चुकीच्या माहितीने मिळविलेली संमती ही खरी संमती नव्हे.

यात कपट आणि चुकीचे कथन असे दोन भाग आहेत. खोटे आहे हे ठाऊक असून फसविण्यासाठी जो सांगतो, त्याचे ते कपट. ज्याला ते खरेच वाटते, पण तसे छातीठोकपणे सांगण्याइतकी माहिती ज्याच्याजवळ नाही, त्याचे ते चुकीचे कथन. ‘या विहिरीला वैशाखातही दोन परस पाणी असते,’ असे एखाद्याने ऐकीव गोष्टीवर ठासून सांगितले आणि त्यावर विसंबून तुम्ही रान घेतले, तर सांगणाऱ्याच्या मनात पाप नव्हते म्हणून तो सुटत नाही. दोन्ही प्रकारांत फसलेल्या माणसाला करार मोडता येतो. मात्र ‘जमीन सोन्यासारखी आहे’ ही नुसती तारीफ झाली. तिच्यावर कोर्टात भांडता येत नाही. क्षेत्र किती, पाणी किती, कर्ज आहे की नाही, या गोष्टी मात्र ठोस असतात आणि त्यांची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते.

गप्प बसणाऱ्याचे काय?

आता तुम्ही विचाराल, की विकणारा खोटे बोललाच नाही, फक्त गप्प बसला, तर? या प्रश्नावर कायद्याने घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून मालक लिलावात त्याविषयी अवाक्षर काढीत नाही. हे कपट नव्हे, असे कायदा म्हणतो. घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवायचे. पण तोच घोडा नुकत्याच सज्ञान झालेल्या स्वतःच्या मुलीला विकला, तर दोष सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटले नाही, तर जनावर धड आहे असे मी समजेन,’ आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच धरले जाते.

घोड्याच्या जागी बैल घातला, की हा कायदा आपल्या बाजारात येतो. रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरते, पण खोडीची चौकशी राहून जाते. म्हणून दात पाहून झाले, की चार माणसांदेखत मोकळेपणी विचारा: ‘औताला चालतो ना? मध्येच बसत नाही ना? मारका नाही ना?’ विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर मिळाले तर ते कपट. प्रश्नच विचारला नाही, तर तक्रारीची धार बोथट होते.

जमिनीच्या बाबतीत कायदा विकणाऱ्याशी अधिक कडक आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, जमिनीत किंवा मालकी हक्कात जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तो त्याने सांगितलाच पाहिजे. दडवला तर ते कपट ठरते.

पण ‘नेहमीची काळजी’ हे शब्द पुन्हा वाचा. सातबारावर ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा लिहिलेला असतो. फेरफार तलाठ्याकडे पाहता येतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पूर्वीचे दस्त शोधता येतात. सातबारा तर आता संगणकावरही मिळतो. सहज कळण्यासारखी गोष्ट आपण पाहिलीच नाही आणि समोरचा केवळ गप्प होता, तर कायदा आपल्याला करार मोडू देत नाही. चुकीचे पण प्रामाणिकपणे केलेले कथन असेल, तरी हाच नियम लागतो. जाणूनबुजून खोटे सांगितले असेल तर मात्र ‘तू का नाही पाहिलेस?’ ही पळवाट विकणाऱ्याला राहत नाही.

फसल्यावर काय करावे?

फसलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. करार मोडून आपले पैसे परत मागावेत आणि घेतलेली वस्तू परत करावी, ही एक वाट. करार कायम ठेवून, सांगितले तसे करून द्या असा आग्रह धरावा, ही दुसरी. कायद्यातच उदाहरण आहे: जमिनीवर कर्ज नाही असे कपटाने सांगून ती विकली आणि पुढे गहाण निघाले, तर घेणारा व्यवहार मोडू शकतो, किंवा विकणाऱ्याकडून ते गहाण फेडून मागू शकतो.

मात्र दिरंगाई करू नका. लबाडी कळल्यावरही जमीन कसत राहिलात, पिके काढत राहिलात, तर तुम्ही व्यवहार मान्य केला असे धरले जाऊ शकते. दस्त रद्द करून घेण्याचा दावा, त्याला आधार देणारी हकिकत कळल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. जनावरांच्या बाबतीत तर घाई अधिक हवी. कोणी कपटाने तुमचा बैल घेतला आणि तुम्ही सौदा मोडण्याआधीच तो एखाद्या भोळ्या गिऱ्हाइकाला विकला, तर त्या तिसऱ्या माणसाचा हक्क पक्का होतो. मग बैल परत मिळत नाही. फसविणाऱ्याच्या मागे पैशासाठी धावावे लागते.

परदेशाचा अर्ज: इथे पारडे फिरते

आतापर्यंत आपण फसविले गेलेले होतो. परदेशाच्या व्हिसासाठी अर्ज करतो तेव्हा मात्र माहिती देणारे आपण असतो आणि विश्वास ठेवणारे ते सरकार. सौद्यात विकणारा जिथे उभा असतो, तिथे आता आपण उभे असतो. म्हणून खोट्याचा भारही आपल्यावर येतो.

कॅनडाचा कायदा पाहा. महत्त्वाची माहिती प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे खोटी दिली, किंवा दडवली, तर त्या माणसाला पाच वर्षे प्रवेश नाही. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती, ती २०१४मध्ये वाढविली गेली. त्यातला ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द फार मोलाचा आहे. अर्ज एजंटाने भरला, कागद त्याने जोडले, तरी अर्ज तुमचा आणि सही तुमची. ब्रिटनमध्ये अशा फसवणुकीसाठी दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते. अमेरिकेत तर जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती देणाऱ्यावर जन्माची बंदी येते. त्यातून सूट मिळण्याची वाट फारच अरुंद आहे.

हे कसे घडते, त्याचे उदाहरण फार जुने नाही. २०२३ साली कॅनडात शिकायला गेलेल्या अनेक भारतीय मुलांना देश सोडण्याच्या नोटिसा आल्या. यांतली बहुतेक मुले पंजाबातली, आणि पुष्कळ जण शेतकऱ्यांच्या घरची. काही वर्षांपूर्वी एजंटाने त्यांना कॉलेजात प्रवेश मिळाल्याची पत्रे दिली होती. मुले तिकडे पोहोचल्यावर, ‘त्या कॉलेजात जागा उरली नाही, दुसरीकडे नाव घाला,’ असे त्यांना सांगण्यात आले. मुलांनी तसे केले. पुष्कळ जण शिकले, नोकरीला लागले. पुढे कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केले, तेव्हा कळले, की पहिले पत्रच बनावट होते.

मुलांनी आंदोलन केले. जूनमध्ये तिथले मंत्री शॉन फ्रेझर यांनी प्रकरणे एकेक करून तपासण्याची व्यवस्था केली आणि जे खरोखर शिकायला आले होते व ज्यांना या लबाडीची कल्पना नव्हती, त्यांना राहू देण्याचे जाहीर केले. पण तोपर्यंत त्या मुलांच्या आणि इकडे त्यांच्या आई-बापांच्या जिवाला किती घोर लागला असेल, याचा विचार करा. अशी पत्रे देणाऱ्या एजंटाला २०२४मध्ये तिथल्या न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २०२३पासून प्रवेशपत्र खरे आहे की नाही, हे कॅनडा सरकार थेट कॉलेजाकडून पडताळून घेऊ लागले.

बनावट पत्र ही तर ढळढळीत लबाडी झाली. पण घरात ‘एवढ्याने काय होते?’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीही तितक्याच महागात पडतात. एखाद्या देशाने पूर्वी व्हिसा नाकारला होता, ते न लिहिणे. लग्न झालेले असून अविवाहित लिहिणे. कधी न केलेल्या नोकरीचा दाखला जोडणे. पाहुण्याचे पैसे चार दिवस खात्यात ठेवून ती आपली शिल्लक म्हणून दाखविणे. आपल्याकडच्या पासपोर्टाच्या अर्जातही जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती दडवली, तर १९६७च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

एजंटाला दिलेले पैसे

एजंटाशी आपला जो व्यवहार होतो, तोही करारच आहे. त्याने खोटे सांगून पैसे उकळले असतील, तर ते परत मागता येतात. शिवाय फसवणुकीचा गुन्हाही नोंदविता येतो. पूर्वीचे ४२० कलम गेले आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८ कलम आले. पण इथे पैसे परत मिळाले, म्हणून तिथली बंदी आपोआप उठत नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी, की कागद बनावट आहेत हे तुम्हालाही ठाऊक असेल, तर तुम्ही त्या लबाडीचे भागीदार होता. सारख्याच दोषी असलेल्या दोघांपैकी एकाच्या पदरात न्यायालय सहसा काही टाकत नाही.

आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्याकडे केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्याने नोकरी इच्छुकाकडून घ्यायची सेवा-फी ३० हजार रुपये अधिक जीएसटी, इतकीच ठरविलेली आहे. लाख-दोन लाख मागणारा आणि ‘आधी फिरायच्या व्हिसावर जा, काम तिथे लावून देतो,’ म्हणणारा माणूस दारातूनच परत पाठवावा.

सहीआधी एवढे करा

१. अर्ज मराठीतून पूर्ण वाचून घ्या. गावातल्या शिक्षकाला किंवा कॉलेजात जाणाऱ्या भाचीला बसवा, पण वाचल्याखेरीज सही नको. कोऱ्या कागदावर तर नकोच नको.

२. प्रवेशपत्र आल्यावर एजंटाने दिलेल्या नंबरावर नव्हे, तर कॉलेजाच्या स्वतःच्या पत्त्यावर विचारून खात्री करा.

३. भरलेल्या अर्जाची आणि जोडलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल घरी ठेवा. अर्ज ज्या संगणक खात्यातून केला, त्याचा परवलीचा शब्द आपल्याकडे असू द्या.

४. पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. नोकरीसाठी पाठविणाऱ्याचा परवाना क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा.

५. चूक ध्यानात आली, तर अर्जाचा निकाल लागण्याआधी स्वतःहून कळवा. दडवलेली चूक लबाडी ठरते. वेळेवर सांगितलेली चूक पुष्कळदा दुरुस्त होते.

६. जमीन किंवा जनावर घेताना प्रश्न मोकळेपणी विचारा, साक्षीदार ठेवा आणि महत्त्वाची हमी कागदावर लिहून घ्या.

रान विकून मुलाला पाठवायचे, तर त्याच्या सामानात एकही खोटा कागद असू देऊ नका. व्हिसा नाकारला गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, पण खोटे उघडकीला आले तर पाच वर्षे, दहा वर्षे किंवा जन्मभर ते दार उघडत नाही आणि विकलेले रानही परत येत नाही. एजंट म्हणेल, ‘सगळेच असे करतात.’ त्याला सांगा, ‘करत असतील. पण खाली नाव आमच्या पोराचे आहे.’