टास्कबार खाणारे टीव्ही

सकाळी साडेसात. पाववाल्या पोदेराचा हॉर्न आणि पहिला फोन एकदमच. मोरजीच्या वहिनी, त्यांच्या भाड्याच्या खोलीतला पाहुणा लॅपटॉप टीव्हीला लावून काम करतो. "अरे, स्क्रीन कापली जाते. खालची पट्टीच दिसत नाही." दोन केबली बदलून झाल्या होत्या. या दुखण्यात केबलचा दोष बहुधा नसतो, पण पैसे आधी तिथंच जातात.

नऊ. पेडण्याहून मोरजी. खिडकी बंद करायची फुली टीव्हीच्या चौकटीबाहेर, खाली टास्कबारची नुसती रेघ. ही पिक्चर ट्यूबच्या काळातली खोड. तेव्हा चित्राच्या कडा नीट येत नसत, म्हणून चित्र मुद्दाम थोडं फुगवून त्या चौकटीमागे दडवायचे. त्याचं नाव ओव्हरस्कॅन. ट्यूब गेली, खोड राहिली. 1920 बाय 1080 चं चित्र पाच टक्के कापलं की 1824 बाय 1026 उरतं, म्हणजे वरून 27 आणि खालून 27 पिक्सेल गेले. विंडोज 10 चा टास्कबार एरवी 40 पिक्सेल उंच, राहिले 13. सिनेमा बघणाऱ्याला हे कळतही नाही.

इलाज टीव्हीच्याच मेनूत, चित्राच्या आकाराखाली. एलजीवर 'जस्ट स्कॅन', सॅमसंगच्या जुन्या सेटवर 'स्क्रीन फिट', सोनीवर 'फुल पिक्सेल'. एकाच गोष्टीला इतकी नावं ठेवणाऱ्यांना एकदा माझ्याबरोबर फिरवायला हवं. काही सेटवर एचडीएमआय इनपुटला 'पीसी' नाव दिलं तरी भागतं. काम दोन मिनिटांचं. मला लागला दीड तास, कारण मूळ रिमोट हरवलेला आणि बाजारातून आणलेल्यावर मेनूचं बटणच चालेना. शेवटी शेजारच्या घरातून त्याच कंपनीचा रिमोट मागून आणला.

साडेअकरा. कोलवाळचा पूल, थिवी, अस्नोडा, डिचोली. बुधवारचा बाजार, स्कूटर लावायला जागा नाही. भाजीपाव खाल्ला आणि एका शिकवणी वर्गात शिरलो.

इथं उलटं: चारी बाजूंनी काळी पट्टी, मधे आकसलेलं चित्र, अक्षरं पुसट. सर म्हणाले, "नवा टीव्ही घेतला, तर हे असं!" ग्राफिक्सचं सेटिंग उघडलं, तर कुणीतरी चित्र लहान करून ठेवलेलं. कुणीतरी म्हणजे मीच, चार वर्षांपूर्वी. जुन्या टीव्हीचा रिमोट सापडत नव्हता, म्हणून टीव्ही सोडून संगणकालाच आवळलं होतं. असं केलं की संगणक चित्र आकसतो, टीव्ही परत ताणतो, आणि अक्षराला दोन्हीकडून मार बसतो. कडा दिसतात म्हणून गिऱ्हाईक खूश, मीही खूश. नव्या टीव्हीनं कापणं बंद केलं आणि माझी चलाखी उघडी पडली. सेटिंगमधली सरकपट्टी पुन्हा शून्यावर आणली. पैसे घेतले नाहीत. मागायला तोंडच नव्हतं.

दुपारी दोन छोटी कामं. दोन्हीकडे टीव्ही चुकीच्या इनपुटवर. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

सहा. पेडणे, भगवती देवळाच्या पुढच्या आळीतले काका. नवा 43 इंची फोर-के टीव्ही. अक्षरं बारीक दिसतात म्हणून मुलानं रिझोल्यूशनच उतरवून ठेवलेलं. अक्षर मोठं झालं, पण चष्मा विसरल्यासारखं. रिझोल्यूशन परत 3840 बाय 2160 केलं आणि डिस्प्लेमधलं स्केल 300 टक्क्यांवर नेलं. काका खुर्चीतून न उठता बातमीचा मथळा वाचून मोकळे झाले. "मग आधी काय बिघडलं होतं रे?" काहीच नाही, काका.

आठ वाजता घरी. एक विनंती करून थांबतो: टीव्हीबरोबर आलेला रिमोट, बटणं झिजली तरी, फेकू नका. सेल काढून कपाटात ठेवा, आणि मला फोन करायच्या आधी तो शोधून ठेवा.