खोक्यावर बाराशे वॅट, फ्यूज वीसचा

लातूर काय नि नांदेड काय, कार ॲक्सेसरीजच्या दुकानात सबवूफर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटचा आहे?" उत्तरही ठरलेलं: "खोक्यावर लिहिलंय की, बाराशे!"

ते बाराशे म्हणजे 'मॅक्स' किंवा 'पीक' पॉवर. क्षणभराचा दणका सोसण्याचा आकडा, तोही कंपनीने आपल्या सोयीने काढलेला. कामाचा आकडा आरएमएस, म्हणजे सलग वाजवताना टिकणारी पॉवर. तो खोक्यावर कुठेच नसेल तर माल परत ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲम्पची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, झाडाझडती तर आणखी सोपी. त्याच्यावरचा फ्यूज बघा. समजा 20 अँपिअरचा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14 व्होल्ट मिळतात. म्हणजे आत जाणार 280 वॅट. एबी क्लासचा ॲम्प यातले निम्म्याहून थोडे जास्त स्पीकरला देतो, डी क्लासचा 80 टक्क्यांच्या आसपास. बाकीची उष्णता. दीडशे ते सव्वादोनशे वॅट हातात पडले. उरलेले हजार खोक्यावरच राहिले!

वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट, हाही भ्रमच. दुप्पट पॉवरने वाढतात फक्त 3 डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. म्हणून सेन्सिटिव्हिटी बघावी. 87 ऐवजी 90 डेसिबलचा स्पीकर घेतला, तर अर्ध्या पॉवरमध्ये तेवढाच आवाज मिळतो.

"ॲम्प छोटा असला की वूफर जळत नाही" असंही सर्रास सांगतात. छोट्या ॲम्पकडून झेपत नसलेला आवाज मागितला, गेन आणि बेस बूस्ट पूर्ण फिरवले, की तो क्लिप होतो. आवाज फाटतो आणि कॉइल तापत जाते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत, ती आधीच तापलेली असते. गेन हे आवाजाचं बटण नव्हेच. स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवून घ्यायची ती सोय आहे.

बारा इंची म्हणजे दहा इंचीपेक्षा भारी, हेही बॉक्सवर अवलंबून. सीलबंद बॉक्सचा बेस आटोपशीर आणि नेमका येतो. पोर्टवाला बॉक्स ठरावीक पट्ट्यात जास्त दणका देतो, पण डिकीतली जागा खातो. वूफरसोबतच्या कागदावर बॉक्सचं माप दिलेलं असतं. सुताराला तेच द्यावं, अंदाजाने केलेल्या बॉक्सात महागडा वूफरही घुमतो. गाडी लहान म्हणून बेस कमी येईल ही भीतीही नको. काचा बंद असलेल्या लहान केबिनमध्ये अगदी खालचे स्वर उलट उचलले जातात.

आणि गाण्यातली हलगी? तिचा कडकडाट सबवूफरचा नाहीच. सबवूफरचा मुलूख साधारण 80-100 हर्ट्झच्या खाली. हलगीची काडी वाजते ती दारातल्या स्पीकरमधून. ते स्पीकर कंपनीचेच साधे असतील, तर सगळा पैसा डिकीत घालण्यात अर्थ नाही.

वायरही तपासून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर स्वस्त पडते, पण त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रोध दीडपटीहून अधिक. आणि बॅटरीजवळ वेगळा फ्यूज हवाच. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पला वाचवतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत गेलेली वायर मध्येच कुठे घासून पत्र्याला लागली, तर आग थोपवणारा फ्यूज बॅटरीजवळचा.