अंतराचा अंदाज

धाराशिव जिल्ह्यात शिवारात बोअरची गाडी लागली, की आसपासची चार माणसं आपोआप गोळा होतात. भोकातून उडणारी राखाडी भुकटी कुणीतरी चिमटीत धरून पाहतं. काळा पाषाण चालू आहे, मुरूम लागला, तांबडी माती आली, असे उद्गार निघतात आणि प्रत्येकाच्या मनात जमिनीखालचं चित्र तयार होत जातं. शंभर फुटांवर हे, दीडशेवर ते, शेजारच्या बोअरला पाणी लागलं तो थर आपल्या बांधापर्यंत येता येता किती खाली गेला असेल. न पाहिलेली जागा डोक्यात उभी करण्याची ही सवय दुष्काळानं लावली आहे. भूविज्ञानाचा मोठा भाग म्हणजे हेच काम. परग्रहांचं भूविज्ञान करणाऱ्यांची अडचणही याच जातीची आहे. अपोलो मोहिमांनी चंद्रावरून 382 किलो दगडमाती आणली, पण मंगळावरून मुद्दाम आणलेला एक खडाही अजून पृथ्वीवर पोचलेला नाही. तिथली भुकटी यंत्रं तपासतात आणि आकडे पाठवतात. माणसाच्या वाट्याला येतात ती छायाचित्रं.

आणि छायाचित्र अंतराबाबत फसवतं. छायाचित्रच कशाला, चंद्रावर प्रत्यक्ष उभी असलेली माणसंही फसली. 6 फेब्रुवारी 1971 रोजी अपोलो 14 चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल ‘कोन’ नावाच्या विवराच्या काठाकडे चढत निघाले. विवर काही लहान नव्हतं, त्याचा व्यास 300 मीटरहून अधिक. तरीही काठ काही सापडेना. प्रत्येक चढाच्या पलीकडे आणखी एक चढ निघे. शेवटी ऑक्सिजन आणि वेळ यांचा हिशेब पाहून ते मागे फिरले. चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानानं पुढे अनेक वर्षांनी त्या जागेची छायाचित्रं घेतली, त्यात त्यांच्या पावलांची वाट दिसली. काठ त्यांच्यापासून जेमतेम 30 मीटरवर राहिला होता.

यात त्या दोघांचा दोष नव्हता. आपण बालाघाटच्या डोंगराकडे पाहून ‘असेल दोन कोस’ म्हणतो तेव्हा नकळत कितीतरी गोष्टींची मदत घेत असतो. लांबचं धूसर दिसतं, कारण मध्ये हवा आहे. मध्ये बाभळ आहे, विजेचा खांब आहे, चरणारी जनावरं आहेत, आणि त्यांची उंची आपल्याला ठाऊक असते. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे जवळचा धोंडा आणि लांबचा डोंगर सारखेच ठळक. झाडही नाही. क्षितिजसुद्धा जवळ येतं. उभ्या माणसाला पृथ्वीवर सपाटीवरचं क्षितिज साधारण पावणेपाच किलोमीटरवर दिसतं, मंगळावर सुमारे 3.4, चंद्रावर अडीचच्या आत. जन्मभर पृथ्वीवर कमावलेला अंदाज तिथे निकामी होतो.

आभासी वास्तवाची, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीची, भूवैज्ञानिकांना एवढी ओढ का, हे या घटनेवरून कळतं. डोळ्यांवर हेडसेट चढवून दिपून जाण्यासाठी ते या साधनाकडे वळले नाहीत. त्यांना हरवलेलं माप परत हवं आहे.

मूळ कल्पना जुनी आहे. 1838 साली चार्ल्स व्हीटस्टोन यांनी स्टिरिओस्कोप जगापुढे मांडला. दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रं दाखवली की मेंदू त्यांतून खोली उभी करतो. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या जोड्या आरशांच्या स्टिरिओस्कोपखाली ठेवून दऱ्या, सुळके आणि भेगा वाचणं हे भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी केलं आहे. टेबलावरचा सपाट कागद एकाएकी डोंगर होऊन नाकाशी येतो, तो क्षण एकदा अनुभवलेला माणूस विसरत नाही. आजचं हेडसेट त्याच जातीचं. फरक एवढाच, की आता मान वळवली तर देखावाही वळतो आणि खाली वाकलं तर दगडाची खालची कड दिसते.

हा फरक छोटा वाटतो, पण क्षेत्रात काम केलेल्याला त्याचं मोल ठाऊक असतं. थराचा उतार कुणीकडे आहे हे पाहायला भूवैज्ञानिक खाली बसतो, डोळा थराच्या रेषेत आणतो, मग दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा पाहतो. समोरून अगदी आडवा दिसणारा थर प्रत्यक्षात आपल्याकडे कललेला असू शकतो. मंगळावर अशा कलण्यातून मोठी गोष्ट उलगडली. 154 किलोमीटर व्यासाच्या गेल विवरात 2012 मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरला किंबर्ली नावाच्या भागात वालुकाश्माचे तिरपे थर दिसले. ते मधल्या शार्प पर्वताच्या दिशेनं झुकलेले होते. नद्यांनी गाळ आणून सरोवराच्या तोंडाशी टाकला की असे थर बनतात. म्हणजे आज जिथे पाच किलोमीटर उंच पर्वत आहे तिथे एके काळी पाणी साठत होतं. उताराची दिशा उलटी वाचली असती तर कथाही उलटी झाली असती.

अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात जेम्स हेड यांच्या सहकाऱ्यांनी पडद्यांच्या भिंती असलेल्या खोलीत मंगळाचा भूभाग उभा करून या शतकाच्या पहिल्याच दशकात असा अभ्यास केला होता. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनं 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स चष्म्यासाठी ‘ऑनसाइट’ ही प्रणाली जाहीर केली. क्युरिऑसिटीनं पाठवलेल्या चित्रजोड्यांवरून तिच्यात भूभाग रचला जाई. वेगवेगळ्या शहरांतले वैज्ञानिक त्यात एकाच वेळी उतरत, एकमेकांच्या आकृत्या त्यांना दिसत आणि ‘हा दगड पाहा’ म्हणून बोट दाखवता येई. आपलं टेबल, आपला संगणक डोळ्यांसमोर राही आणि त्यापलीकडे मंगळाची जमीन सुरू होई. संगणकाच्या पडद्यापेक्षा यात अंतर आणि कोन यांचे अंदाज जास्त बरोबर येतात, असं त्यांच्या चाचण्यांत दिसलं. 2018 चा नासाचा सॉफ्टवेअर पुरस्कार या प्रणालीला मिळाला. युरोपात ‘प्रोथ्रीडी’ नावाचं साधन तयार झालं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे रॉबर्ट बार्न्स, संजीव गुप्ता आणि इतरांनी त्यातून मंगळावरच्या थरांची जाडी आणि कल मोजला. ते हेडसेटवर अवलंबून नाही, पण खडकाची त्रिमितीय प्रतिकृती करून तिच्यावर मोजपट्टी लावायची, हे तत्त्व तेच.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. माणसाच्या दोन डोळ्यांत सरासरी साडेसहा सेंटिमीटरचंही अंतर नसतं. क्युरिऑसिटीच्या दिशादर्शक कॅमेऱ्यांच्या जोडीत ते सुमारे 42 सेंटिमीटर आहे. त्यामुळे त्याला लांबवरची खोली आपल्याहून चांगली कळते, राक्षसाच्या डोळ्यांनी पाहावं तशी. पण ती चित्रं जशीच्या तशी आपल्या डोळ्यांना लावली तर सगळा मंगळ खेळण्यातल्या देखाव्याएवढा भासेल. म्हणून आधी मोजमाप काढून भूभाग नव्यानं रचावा लागतो आणि मग माणसाच्या मापानं दाखवावा लागतो. या रचण्यात माणसाचे निर्णय येतात. शुक्राचा धडा विसरता येत नाही. मॅगेलन यानाच्या रडार नोंदींवरून 1990 च्या दशकात माट मॉन्स ज्वालामुखीचं जे चित्र गाजलं, त्यात उंची 22.5 पट ताणलेली होती. प्रत्यक्षात तो मंद उताराचा, पसरट पर्वत आहे. कित्येकांच्या मनात शुक्र आजही त्या खोट्या सुळक्यांचाच आहे. हेडसेटमध्ये असा फुगवटा जास्त धोक्याचा वाटतो, कारण तिथे शरीरच साक्ष देतं की आपण कड्याखाली उभे आहोत.

म्हणून मला सारखं वाटतं, की परग्रहावर आभासी पाय ठेवण्याआधी खऱ्या खडकावर पाय हवेत. आणि तो खडक आपल्याकडे मुबलक आहे. चंद्रावरचे काळे डाग बेसाल्टचे, मंगळाची विस्तीर्ण मैदानं बेसाल्टची, आणि सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आपला दख्खनही बेसाल्टचाच, आज उरलेला विस्तार साधारण पाच लाख चौरस किलोमीटर. नासानं मंगळावरच्या कामाची तालीम हवाई आणि आयडाहोच्या लाव्हा प्रदेशात केली, त्या प्रकल्पाच्या नावाचं लघुरूपच ‘बेसाल्ट’ होतं. सोलापूरहून येताना तुळजापूरचा घाट चढणारे भाविक दर वर्षी याच खडकाच्या पुस्तकाच्या पानांवरून जातात. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात घट्ट काळा पाषाण, वर भोकाभोकांचा खडक, भोकांत भरलेल्या पांढऱ्या गारगोट्या. एक लाव्हा थंडावला, वायू वर सरकून बुडबुडे अडकले, मग पुढचा लाव्हा आला. धाराशिव लेणी खोदणाऱ्यांनी हाच खडक छिन्नीनं वाचला होता.

विवर पाहायचं तर लोणार आहे, बुलढाणा जिल्ह्यात. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर उल्केच्याच आघातानं झालं, याचा भक्कम पुरावा 1973 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. आघाताच्या दाबानं काचेसारखं झालेलं मॅस्केलिनाइट हे खनिज तिथे सापडलं. वयावर अजून एकमत नाही. एका पद्धतीनं ते सुमारे 52 हजार वर्षं निघालं, दुसऱ्या पद्धतीनं 5 लाख 70 हजार. बेसाल्टमध्ये घडलेलं आणि काठावर सहज चालत जाता येणारं असं विवर जगात दुर्मीळ आहे. तिथे उलथलेले थर हातानं चाचपलेला विद्यार्थी हेडसेटमधल्या मंगळाच्या विवरात वेगळ्या नजरेनं उभा राहील.

डोळ्यांना न दिसणाऱ्या खोलीबद्दल धाराशिव जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं भूकंपानं कोसळली, दहा हजारांच्या जवळपास जीव गेले. ज्या पठाराला सगळे स्थिर समजत होते त्याच्या पोटात काय आहे, हे त्यानंतर जास्त नेटानं शोधलं गेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत 617 मीटर खोल बोअर घेतला. 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली गाळाचा अगदी पातळ थर आणि मग अतिप्राचीन खडक. मंगळाच्या पोटाचा शोधही असाच भूकंपांतून लागला. तिथे 2018 मध्ये उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकानं 1,300 हून अधिक हादरे नोंदवले, सर्वांत मोठा 4 मे 2022 चा, 4.7 तीव्रतेचा. त्या लहरींच्या प्रवासावरून मंगळाच्या कवचाची जाडी काढली गेली. असा अदृश्य भाग डोळ्यांपुढे उभा करता येणं मला या तंत्राचं सर्वांत मोठं काम वाटतं. किल्लारीच्या त्या बोअरचं आभासी रूप, ज्यात मूल थराथरानं खाली उतरत जाईल, इथल्या शाळांत असायला हवं.

ते महागच असेल असं नाही. 2023 मध्ये चंद्रयान 3 च्या प्रज्ञान रोव्हरच्या दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र करून इस्रोनं त्रिमितीय चित्र प्रसिद्ध केलं. डाव्या डोळ्याचं चित्र लाल रंगात, उजव्याचं निळ्या-हिरव्यात. लाल-निळ्या कागदी चष्म्यातून विक्रम लँडर चंद्राच्या जमिनीवर उठून दिसतो. त्याच रोव्हरपुढे 27 ऑगस्टला तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला, आणि तो वेळीच ओळखून त्याला मागे वळवलं गेलं. अंतराचा अंदाज चुकला असता तर प्रवास तिथेच संपला असता. पुढे तो शंभर मीटरहून थोडा जास्त चालला.

नळदुर्गच्या किल्ल्यात पावसाळ्यात बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात तेव्हा गर्दी पाणीमहालाकडे असते. बंधाऱ्याखालच्या कातळाकडे क्वचितच कुणी पाहतं. पाणी ओसरल्यावर तिथे साध्या मोबाईलवर, एका बाजूनं दुसरीकडे सरकत, एकमेकांवर निम्म्याहून जास्त येतील असे शंभर-दीडशे फोटो काढले तर संगणक त्यांवरून त्या कातळाची त्रिमितीय प्रतिकृती करून देतो. मंगळाचा भूभागही याच रीतीनं रचला जातो. आठवी-नववीच्या मुलांना एका दिवसात जमेल असं हे काम आहे. फक्त फोटोत कुणाला तरी दगडाशेजारी मीटरपट्टी धरून उभं करावं लागेल, नाहीतर तो कातळ वीतभर आहे की वाड्याएवढा, हे संगणकालाही कळणार नाही.