चिचेन इत्झा : एका दिवसाचा बेत

मेक्सिकोतील कानकुन शहरापासून चिचेन इत्झा हे माया लोकांचे प्राचीन नगर सुमारे २०० कि.मी. आहे. एका दिवसात जाऊन येता येते; पण बेत नीट आखावा, असे आम्ही सुचवू.

दरवाजे सकाळी ८ वाजता उघडतात. कानकुनचे घड्याळ तेथल्यापेक्षा एक तास पुढे. म्हणजे जाताना तासाचा फायदा, परतताना तोटा. ऊन चढण्याआधी पोहोचावे. टोपी व पाणी जवळ असावे.

मुख्य पिरॅमिडला चार बाजूंनी प्रत्येकी ९१ पायऱ्या व माथ्याची एक, मिळून ३६५. वर्षाचे दिवसच दगडात मांडलेले! वर चढण्यास आता बंदी आहे. चेंडूच्या खेळाचे भव्य मैदानही चुकवू नये.

हे ज्ञान ज्यांत होते त्या पोथ्या कुठे गेल्या? १५६२ साली मानी गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने त्यांची होळी केली. आज माया पोथ्या चारच उरल्या आहेत.

माणसे मात्र संपली नाहीत. तेथे हस्तकलेच्या वस्तू विकणारे अनेकजण माया वंशाचेच आहेत. त्यांच्याशी दोन शब्द बोलावे, एखादी वस्तू घ्यावी. उभारणाऱ्यांच्या लेकरांना विसरून नुसते दगड पाहण्यात काय अर्थ?