संकेतस्थळाचे स्थलांतर : वास्तू नवी, पत्ता कायम

आजच्या व्यवहारात संकेतस्थळ हे केवळ शोभेचे साधन राहिलेले नाही. लघुउद्योजक, निर्यातदार, शिक्षणसंस्था, सहकारी पतसंस्था अशा अनेकांच्या दृष्टीने ते व्यवसायाचे दर्शनी दालनच झाले आहे. मजकूर लिहिणे, छायाचित्रे जोडणे, दरपत्रक अद्ययावत करणे ही कामे संगणकाची भाषा न शिकता करता यावीत, यासाठी आशय व्यवस्थापन प्रणाली वापरली जाते. २००१ मधील ड्रुपल, २००३ मधील वर्डप्रेस व २००५ मधील जुमला या त्यांपैकी सुपरिचित मुक्त प्रणाली होत.

स्थलांतराची आवश्यकता

प्रत्येक प्रणालीस आयुर्मर्यादा असते. ड्रुपल ७ ही आवृत्ती ५ जानेवारी २०११ रोजी प्रसिद्ध झाली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचे अधिकृत पाठबळ संपुष्टात आले. अशी प्रणाली त्या दिवशी बंद पडत नाही; संकेतस्थळ पूर्ववत दिसत राहते. मात्र त्यानंतर आढळणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटींची दुरुस्ती अधिकृतरीत्या पुरवली जात नाही. कुलूप निकामी झाले तरी दार बंदच दिसावे, तशी ही अवस्था असते. ग्राहकांची नावे, दूरध्वनी क्रमांक वा मागणीपत्रे जेथे साठवली जातात, तेथे हा धोका पत्करणे योग्य नव्हे.

प्रथम मोजदाद, नंतर हालचाल

स्थलांतराच्या नियोजनाची सुरुवात नव्या प्रणालीच्या निवडीने नव्हे, तर जुन्या साठ्याच्या मोजदादीने व्हावी. संकेतस्थळावर एकूण पृष्ठे किती, त्यांपैकी कोणती वाचली जातात, कोणती कालबाह्य झाली आहेत आणि प्रत्येक पृष्ठाची जबाबदारी कोणाकडे आहे, याची यादी करावी. प्रत्येक पृष्ठासमोर ‘ठेवावे’, ‘सुधारावे’ किंवा ‘काढावे’ असा शेरा असावा. संपर्काचे अर्ज, ऑनलाइन भरणा सुविधा आणि ग्राहकांच्या नोंदी यांची यादी वेगळी करावी, कारण केवळ मजकूर हलवल्याने त्या आपोआप हलत नाहीत. या टप्प्यावर जुन्या संकेतस्थळाची संपूर्ण प्रत काढून ती सुरक्षित ठेवावी आणि त्या प्रतीवरून संकेतस्थळ खरोखर उभे राहते की नाही, हेही तपासावे.

पत्त्यांचा तक्ता

नवी प्रणाली बहुधा पृष्ठांना नवे पत्ते देते. मसाल्याच्या एखाद्या उत्पादकाचे दरपत्रक जुन्या पत्त्यावर शोधणाऱ्या ग्राहकास ‘पृष्ठ सापडत नाही’ हा ४०४ क्रमांकाचा संदेश दिसला, तर तो पुन्हा येईलच याची शाश्वती नसते. छापील पत्रके, वेष्टनांवरील क्यूआर चिन्हे, इतरांनी दिलेले दुवे व शोधयंत्रांच्या नोंदी या सर्वांत जुनाच पत्ता असतो. यास्तव प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याचा नवा पत्ता दर्शविणारा तक्ता तयार करावा आणि त्यानुसार ३०१ क्रमांकाचे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन करावे. त्यामुळे अभ्यागत आपोआप योग्य पृष्ठावर पोहोचतो आणि शोधयंत्रांनाही बदल कायमचा असल्याचे कळते. सर्व जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे हा सोपा उपाय वाटतो. परंतु त्यामुळे दरपत्रक शोधणाऱ्यास ते मिळत नाही. हे पुनर्निर्देशन किमान एक वर्ष कायम ठेवावे, असा गूगलचा सल्ला आहे.

मराठी मजकुराची काळजी

भारतीय भाषांतील जुन्या संकेतस्थळांपुढे आणखी एक प्रश्न असतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा बराच मजकूर विशिष्ट फाँटमध्ये टंकलिखित केलेला आहे. तो फाँट असेल तरच अक्षरे मराठी दिसतात. प्रत्यक्षात साठवलेली असतात ती रोमन लिपीची चिन्हे. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकित होत असे. युनिकोडमध्ये हा क्रम उलट असतो. म्हणून रूपांतरानंतर ‘कार्य’, ‘निर्मिती’, ‘वर्षे’ यांसारखे शब्द व जोडाक्षरे मूळ प्रतीशी ताडून पाहावीत. रकमा, व्याजदर व दिनांक तर डोळ्यांत तेल घालून तपासावेत.

रंगीत तालीम आणि प्रत्यक्ष दिवस

नवे संकेतस्थळ प्रथम चाचणीच्या जागी उभारावे. तेथे शोधयंत्रांना प्रवेश बंद ठेवलेला असतो. ही बंदी प्रत्यक्ष प्रारंभाच्या दिवशी उठवण्याचे विसरले, तर चांगले संकेतस्थळही शोधात दिसेनासे होते. स्थलांतरासाठी कमी वर्दळीचा दिवस निवडावा आणि त्याआधी काही काळ जुन्या प्रणालीवरील नवीन नोंदी थांबवाव्यात. सणासुदीचा हंगाम वा विवरणपत्रांचा कालावधी टाळणे श्रेयस्कर. अडचण उद्भवल्यास जुन्या व्यवस्थेकडे परतण्याचा निर्णय कोणी व कोणत्या वेळेपर्यंत घ्यावयाचा, हेही आधीच लेखी ठरलेले असावे.

नाव बदलताना

काही वेळा प्रणालीबरोबर संकेतस्थळाचे नावही बदलते. याचे ठळक उदाहरण बँकिंग क्षेत्रातच आढळते. भारतीय रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या नामक्षेत्रात ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्थलांतर करण्याचे निर्देश दिले. या नावांची नोंदणी करण्याचा अधिकार हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेस देण्यात आला. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव धारण करून फसवणूक करणाऱ्यांना आळा बसावा, हा यामागील एक प्रमुख उद्देश आहे.

व्यावसायिकांनी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. नाव बदलले तरी जुन्या नावाची नोंदणी सोडून देऊ नये. नूतनीकरणाअभावी मोकळे झालेले नाव कोणीही विकत घेऊ शकतो आणि जुन्या ग्राहकांना त्याच दारात भलताच व्यापारी भेटू शकतो. नव्या नावाची माहिती ग्राहकांना देयके, पत्रव्यवहार व दुकानातील फलक यांद्वारे आगाऊ द्यावी.

स्थलांतराचे यश नव्या संकेतस्थळाच्या देखणेपणावर मोजता येत नाही. जुना ग्राहक नेहमीच्या वाटेने आला, त्यास हवी ती माहिती मिळाली आणि मधल्या काळात काही बदलले हे त्यास जाणवलेही नाही, तर नियोजन सार्थकी लागले असे समजावे.