गेम विकत घेतला, चावी कंपनीकडेच

पायरसी रोखायची म्हणून काही गेम एकट्याने खेळतानाही सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले असावे लागतात. नेट तुटलं की खेळ थांबतो. वाशिम, रिसोड किंवा मानोऱ्यात वीज जाऊन वायफाय बंद पडलं, तर लॅपटॉपची बॅटरी भरलेली असूनही उपयोग नाही. शेजारच्या अमरावती शहरात नोव्हेंबर २०२१मध्ये दंगलीनंतर प्रशासनाने इंटरनेटच बंद केलं होतं. अशा वेळी रीतसर पैसे भरलेला ग्राहकच अडकतो.

नेट उत्तम असलं तरी धोका टळत नाही. मार्च २०१३मध्ये ‘सिमसिटी’ हा गेम आला आणि पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोलमडले. ऑफलाइन खेळण्याची सोय मिळायला वर्ष लागलं.

‘द क्रू’चं तर आणखी वाईट झालं. २०१४चा हा रेसिंग गेम. युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेल्या प्रतीही निकामी झाल्या. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही ग्राहकांची मोहीम उभी राहिली.

जीओजीसारखं ऑनलाइन दुकान सतत-जोडणीचं असं कुलूप नसलेले गेम विकतं. म्हणून पैसे भरण्याआधी गेमच्या पानावर ‘सतत इंटरनेट आवश्यक’ अशी अट आहे का, ते नक्की वाचा.