चिन्नोराच्या संकेतस्थळास साक्षीदार कोण?

माल उत्तम असला म्हणजे गिऱ्हाईक आपण होऊन घर शोधीत येते, असा शेतकरीवर्गात एक जुना समज आहे. हा समज किती घातक आहे, हे आपल्याच धानपट्टीतील एका उदाहरणावरून दिसेल. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीतून निवड करीत करीत भाताचे एक नवे वाण सिद्ध केले. घड्याळाच्या नावावरून त्यास एचएमटी हे नाव पडले आणि ते वाण परराज्यांतही पसरले. परंतु नावाबरोबर नावाचा धनी गेला नाही. दादाजींना पुढे सन्मान लाभले खरे, पण २०१८ साली ते वारले तोवर त्यांचे आयुष्य बहुतांशी हलाखीतच गेले. माल प्रसिद्ध झाला; मालापासून धन्यापर्यंत येणारी वाट मात्र कोणी बांधली नव्हती.

आज तोच प्रश्न चिन्नोर तांदळाविषयी आहे. भंडाऱ्याच्या चिन्नोरास २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरास ते २०२१ सालीच मिळाले होते. हे धान सुवासिक खरे, पण उशिरा निसवणारे व कमी उताऱ्याचे. साध्या धानाच्या भावाने ते विकावयाचे तर न पेरलेले बरे. म्हणून चौरास भागातील, समजा आसगावच्या, एखाद्या कास्तकाराने केवळ चिन्नोर विकण्यासाठी संकेतस्थळ उघडले, तर तो विचार योग्यच होय. प्रश्न इतकाच की, पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकास ते सापडावे कसे?

खरेदीखतात जमिनीच्या चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक असे शेजाऱ्यांच्या नावाने सांगितले म्हणजे आपला तुकडा निश्चित होतो. शोधयंत्राचेही काहीसे असेच आहे. १९९८ साली गूगल निघाले ते या विचारावर की, एका पानावरून दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा ही एक साक्ष समजावी. आणि ज्याच्याकडे स्वतः पुष्कळांचे दुवे येतात, त्याची साक्ष अधिक वजनाची धरावी. पुढे इतर पुष्कळ कसोट्या वाढल्या, तरी ही कसोटी अद्याप टिकून आहे. आपल्या पानावर आपणच आपली कितीही स्तुती केली, तरी ती साक्ष ठरत नाही.

साक्षीदार जोडावेत कोठे? प्रथम जवळचे पाहावेत. ज्या शेतकरी उत्पादक कंपनीत आपण सभासद आहोत, साकोलीच्या ज्या कृषी विज्ञान केंद्राच्या प्रात्यक्षिकात आपण भाग घेतला, नागपूरच्या ज्या दुकानदारास आपण माल देतो, त्यांच्या संकेतस्थळावर आपल्या नावाचा उल्लेख असल्यास तेथून आपल्या पानाकडे दुवा द्यावा अशी विनंती करावी. भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून आपली नोंदणी करून घ्यावी व तिचा क्रमांक पानावर द्यावा. गूगलच्या नकाशावर गावाची व ठिकाणाची नोंद करावी. तीस पैसा पडत नाही. नाव, पत्ता व दूरध्वनी सर्व ठिकाणी एकसारखे असावेत. एके ठिकाणी एक व दुसरीकडे दुसरे असे झाले की नोंदीचा विश्वास उडतो.

परंतु मागितल्याने मिळणारे दुवे थोडेच असतात. बाकीचे आपल्या पानावर वाचण्याजोगे काही असल्यानेच येतात. येथे किर्लोस्करांचा कित्ता गिरवावा. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी लोकांची समजूत असताना त्यांना नांगर खपवावयाचे होते. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले आणि ते वाढत वाढत महाराष्ट्रातील एक नामांकित मासिक झाले. आपणही चिन्नोराची रोवणी केव्हा, सुवास टिकण्यासाठी साठवण कशी, भात शिजवताना पाणी किती, भेसळ कशी ओळखावी, हे अनुभवाने व छायाचित्रांसह लिहावे. स्वयंपाकावर वा शेतीवर लिहिणारे लोक अशा माहितीचा हवाला देतात. तोच खरा दुवा.

शंभर दुवे इतक्या रुपयांत देतो, असे म्हणणारे दलालही भेटतील. त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. विकत घेतलेली साक्ष न्यायासनापुढे टिकत नाही, तशी ती येथेही टिकत नाही. अशा बनावट दुव्यांवर अवलंबून असलेली असंख्य संकेतस्थळे गूगलने एप्रिल २०१२ पासून मागे ढकलली. 'तू मला दे, मी तुला देतो' अशी दुव्यांची घाऊक अदलाबदलही त्याच मासल्याची होय.

या कामास एक हंगाम तरी द्यावा लागतो. पऱ्हे टाकताच लोंबी येत नाही. मात्र आपल्या धानाची कहाणी आपण लिहिली नाही, तर ती दुसरा लिहील आणि गिऱ्हाईक त्याच्या दारी जाईल. ज्यांचे चिन्नोर यंदा कोठारात आहे, त्यांनी पहिले पान याच महिन्यात लिहावयास घ्यावे, अशी आमची सूचना आहे.